ढोलाच्या पोटातली नावं

ढोल बांधणारा माणूस ढोलाच्या पोटात नाव लिहून ठेवतो. आमच्याकडची ही जुनी रीत. फाटलेलं कातडं उतरवलं, की नवं चढवण्याआधी तो हात कोपरापर्यंत आत घालतो आणि सुताराच्या जाड पेन्सिलीनं लाकडावर लिहितो: कोणी बांधला, कुठल्या साली, कुणासाठी. मग कातडं चढतं, चामड्याच्या वाद्या आवळल्या जातात आणि ती अक्षरं अंधारात जातात. पुढच्या खेपेला ढोल उघडेपर्यंत ती कुणी वाचायची नसतात. वाजवणाऱ्याला त्यांचा पत्ता नसतो, ऐकणाऱ्याला तर नसतोच.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, गुंडोअण्णा, यांनी अशी किती ढोलांत नावं लिहिली असतील त्याला गणती नाही. बेंगळुरात यशवंतपूरच्या घाऊक बाजारामागे एक गल्ली आहे. तिच्या तोंडाशी कल्लाप्पाची गोणपाटाची वखार, आणि वखारीला लागून भावजींचं पत्र्याचं दुकान. मृदंग, पखवाज, ढोलकी, नगारा, कातड्यानं जे जे वाजतं ते सगळं तिथे येऊन पडायचं. भावजींचे पूर्वज साडेतीनशे वर्षांमागे मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले, उंटावरचा नगारा वाजवत. "फौज परत गेली, नगारा फुटला, आम्ही राहिलो," असं ते सांगत, आणि सांगताना मान ताठ करत.

मी सर्जापूर रोडवरच्या खेड्यातला. तेव्हा त्या रस्त्याला दोन्ही अंगांनी नाचणी उभी असे. महिन्याकाठी एकदा मी कमावलेली कातडी पोत्यात बांधून, दोन बस बदलून भावजींकडे पोचवत असे आणि चार दिवस अक्काच्या हातचं खाऊन परतत असे. म्हणून हे सांगतो आहे त्यातलं बहुतेक माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उरलेलं अक्कानं सांगितलं, आणि अक्का खोटं बोलत नाही, टोचून बोलते.

नव्वद साली जुलै महिन्यात एक मुलगी दुकानात आली. गोरी, ठेंगणी, डोळे बारीक, पाठीवर बाळ बांधावं तसा शालीत बांधलेला एक ढोल. तिचं नाव लालरिनपुई. सगळे तिला रिनपुई म्हणत. मिझोरामची. जवळच्या कॉलेजात शिकायला आली होती, आणि तिच्यासारखी आणखी दहा जणं होती. तिकडच्या डोंगरांत गावोगाव प्रेस्बिटेरियन मंडळी आहे. त्यांच्यात बिशप नसतो, मंडळी आपली माणसं आपणच निवडते आणि आपला कारभार आपणच बघते. बेंगळुरात चर्च पुष्कळ, पण त्यांत या मुलांची भाषा नव्हती, त्यांच्या गीतांची चाल नव्हती. म्हणून त्या अकरा जणांनी ठरवलं, की आपण आपलीच मंडळी सुरू करायची. कल्लाप्पाची वखार रविवारी रिकामी असते हे त्यांना कळलं होतं. कल्लाप्पा 'सरी', म्हणजे 'ठीक', म्हणाला होता. फक्त ढोल तेवढा आजारी होता.

"तीन दिवस रेल्वेत मांडीवर घेऊन आले," ती मोडक्या हिंदीत म्हणाली. "शेवटच्या दिवशी डोळा लागला, आणि कुणीतरी त्यावर ट्रंक ठेवली."

भावजींनी ढोल हातात घेतला. आख्ख्या खोडातून कोरलेला, सांधा कुठे नाही. फाटलेल्या कातड्यातून त्यांनी आत पाहिलं. आत सुरीनं कोरलेली अक्षरं होती.

"हे कुणाचं नाव?"

"माझ्या आजोबांचं. त्यांनीच केलाय."

हे ऐकल्यावर भावजींनी ढोल खाली ठेवलाच नाही. तिकडेही, इतक्या लांब, माणसं ढोलाच्या आत नाव लिहितात! चार दिवस ते दुसऱ्या कामाला शिवले नाहीत. मी आणलेल्यातलं सर्वांत नितळ बकऱ्याचं कातडं निवडलं, त्याची पुडी केली, कडेनं चामड्याचा गजरा विणला, आणि मधोमध शाई भरली. शाई म्हणजे लोखंडाचा कीस आणि शिजवलेला भात घोटून केलेला काळा लेप. तो एकेक थर चढवायचा, वाळवायचा, दगडानं घासायचा. त्याच्यामुळे पखवाजाला सूर येतो. मला म्हणाले, "मेहुण्या, त्या पोरीच्या आजोबाला तिथे ऐकू गेलं पाहिजे."

रविवारी आम्ही वखारीच्या दाराशी उभे राहिलो. आत गोणपाटाच्या गठ्ठ्यांवर अकरा जणं बसली होती. तागाचा कोंदट वास येत होता. रिनपुईनं सूर दिला, एकानं ढोलावर काठी मारली, आणि ढोल गायला लागला. धीं! असा स्वच्छ, लांबणारा सूर, की भावजींची छाती रुंद झाली. पण आतली गीतं थांबली. ढोलाचा सूर एक आणि गीताचा सूर दुसरा. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळले. एक पोरगी खुदकन हसली. मग रिनपुई उठली, खांद्यावरची शाल काढली आणि ढोलाच्या तोंडावर घट्ट गुंडाळली. त्यानंतर गाणं नीट चाललं.

भावजी तिथून जे निघाले ते थेट दुकानात.

"माझ्या पुडीला फडकं!" ते म्हणाले. "चाळीस वर्षांत कुणी माझ्या पुडीला फडकं घातलं नव्हतं!"

"नवरी फार नटवलीत, म्हणून घुंगट घेतला," अक्का आतून म्हणाली.

त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर रिनपुई आली. क्षमा मागितली, आणि मग दुकानाच्या पायरीवर बसून समजावत राहिली. शब्द सापडेना तेव्हा हातानं दाखवलं. तिचं बोलणं भावजींनी पुढे मला इतक्या वेळा सांगितलं, की ते मला पाठ झालं आहे.

"पु," ती म्हणाली. वडीलधाऱ्या पुरुषाला त्यांच्यात पु म्हणतात. "तुमचा ढोल गातो. आमच्याकडे माणसं गातात, ढोल बरोबर चालतो. पुढे पळत नाही, मागे राहत नाही. डोंगर चढताना सोबती नुसता बरोबर असतो ना, बोलत नाही, तसा."

 भावजींनी दगड घेतला आणि चार दिवसांची शाई घासून काढायला बसले. तरी कातडं गातच राहिलं, तेव्हा मला गावी पाठवून म्हशीचं जाड कातडं मागवलं. सूर नसलेला ढोल बांधायचं ते आयुष्यात पहिल्यांदा शिकले, आणि एका एकोणीस वर्षांच्या मुलीकडून शिकले. दुसऱ्यांदा पुडी चढवायच्या आधी त्यांनी अकरा जणांना बोलावून घेतलं.

"लिहा आपापली नावं. आत."

"तुमचं, पु?"

"खोड माझं नाही. तिच्या आजोबांच्या नावाशेजारी माझं कशाला?"

अकरा जणांनी एकेक करून हात आत घातला आणि लिहिलं. मी टॉर्च धरला होता. त्या रविवारी ढोल चालला. दम्. दम्. त्याच्याबरोबर अकरा माणसांचा आवाज असा संथ वर चढत गेला, की कल्लाप्पा गल्लीत तोंडातला विडा चघळायचा थांबला. त्या गीतांत काय होतं ते आम्हाला कळत नव्हतं. पण ती घरापासून लांब असलेल्या माणसांनी म्हटलेली आहेत, एवढं कुणालाही कळलं असतं.

अशी ती मंडळी सुरू झाली. पुढे दर जूनला नवे चेहरे येत, दर एप्रिल-मेला जुने जात. अकराचे तीस झाले, तिसाचे साठ. मुली स्वयंपाक करताना दर वेळी एक मूठ तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढत. तिकडे घरोघर तीच रीत आहे म्हणे. शनिवारी ते तांदूळ अक्काच्या डब्यात जमा होत. कुणी तापानं पडलं, की अक्का त्यातूनच पेज करून पाठवी. "ही पोरं मला 'पी' म्हणतात," ती शेजारणींना सांगे. "पी म्हणजे मोठी बाई. आणि मला 'पी' म्हणून चहा मात्र स्वतःच पितात."

भावजी कधी आत बसले नाहीत. दर रविवारी दहाला ते आपलं स्टूल उचलत आणि वखारीच्या दाराबाहेर ठेवून बसत. सकाळी ढोल त्यांच्याच हातून आत जाई आणि उपासना झाल्यावर त्यांच्याच दुकानात परत येई. कल्लाप्पा त्यांना डिवचायचा.

"काय अण्णा, ढोलाचा बाप्तिस्मा झाला. तुझा कधी?"

"ढोलाला जात नसते रे कल्लाप्पा. कातडं असतं."

"मग आत जाऊन बस की. दारात का?"

"पोरगी लग्न होऊन गेली म्हणजे बाप तिच्या स्वयंपाकघरात बसतो काय? दारातच बसतो."

भावजींना मुलगी नव्हती. एक मुलगा, अभिराज. तो शिकला, जे. पी. नगरात राहायला गेला, कचेरीत लागला. त्याला कातड्याचा वास सोसत नसे. रिनपुई मात्र रोज कॉलेज सुटलं की पायरीवर येऊन बसे. वाद्या भिजवायची, ओढून बघायची, कन्नड मराठी एकात एक घालून बोलायची. "पु, स्वल्प मीठ कमी आहे," असं अक्काच्या सांबाऱ्याबद्दल भावजींना सांगायची, म्हणजे अक्काला राग येऊ नये.

त्र्याण्णवच्या एप्रिलात तिची परीक्षा संपली. ढोलाची एक बाजू झिजली होती. जाण्याआधी ती म्हणाली, "या वेळी बांधायला मी."

पुडी चढवायला दोन माणसं लागतात. एकानं वादी धरायची, दुसऱ्यानं पाय खोडाला लावून ओढायची. भावजींनी धरली, तिनं ओढली. तळहाताला फोड आले तरी सोडली नाही. पण कातडं चढवायच्या आधी ती म्हणाली, "स्वल्प थांबा, पु," आणि पेन्सिल घेऊन, हात आत घालून लिहीत बसली. पुष्कळ वेळ लिहीत होती.

"काय लिहिलंस?" भावजींनी विचारलं.

"नाव."

"एवढं मोठं?"

"आमची नावं लांब असतात."

भावजी हसले. मीही हसलो.

शेवटची गाठ तिनंच मारली. मग म्हणाली, "आता पुढचं कातडं कधी?"

"तीनेक वर्षांनी."

"तेव्हा मी येते. दुसरं टोक मीच ओढणार."

"बघ हं. तू येईपर्यंत मी कुणाला हात लावू देणार नाही."

"येते म्हटलं ना, पु."

ती गेली. दोन पत्रं आली. मग नाताळात एक कार्ड, पुढच्या नाताळात दुसरं, ते शिलाँगहून. नंतर काही नाही.

शहाण्णव साल उजाडलं. कातडं सैल पडलं. आवाज ढोलातून न येता एखाद्या उशीतून आल्यासारखा येऊ लागला. मी जाड कातडं नेऊन ठेवलं, कल्लाप्पाचा हमाल ओढायला तयार होता, पण भावजी ढोल उघडेनात. दर रविवारी पहाटे उठून ते शेगडी पेटवत आणि निखाऱ्यावर धरून ढोल शेकत. शेकला की कातडं तासभर ताठ राही.

"ढोल आहे की पापड?" अक्का म्हणे. "किती दिवस भाजणार?"

"ती यायची आहे."

"आणि नाहीच आली तर?"

"येते म्हणालीय."

 मला अक्का एकदा चुलीपाशी म्हणाली, "तिनं ओढलेली वादी आहे ना ती. सोडली तर काय उरेल त्यांच्याकडे?"

उपासना दीड तासाची. शेवटच्या गीतापर्यंत ढोल पुन्हा सैल होई. नव्या मुलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं, की ढोल बिघडला आहे आणि म्हातारा दुरुस्त करत नाही. सत्त्याण्णव साली त्यांनी घरून दोन नवे ढोल मागवले. त्याच वर्षी मंडळीला जे. पी. नगरात स्वतःची जागा मिळाली. छप्पर पक्कं, बाकं लाकडाची. त्या शेवटच्या रविवारी सगळे दुकानापुढे आले, एक गीत म्हणाले आणि जुना ढोल भावजींच्या हातात देऊन म्हणाले, "पु, हा तुमच्याकडेच राहू दे." मानानं दिला. पण भावजींना कळलं, की आपण वाट बघत बसलो म्हणून हा ढोल मागे राहिला.

"आपले सगळेच जे. पी. नगरला गेले," ते त्या रात्री जेवताना म्हणाले. "पोरगाही, मंडळीही."

ते एकदा तिकडे जाऊन आले. दोन बस बदलून गेले, स्टूल नव्हतं म्हणून दाराच्या पायरीवर बसले. एक नवा मुलगा लगबगीनं खुर्ची घेऊन आला आणि अदबीनं विचारू लागला, "अंकल, कुणाला भेटायचंय?" भावजी म्हणाले, "कुणाला नाही, बस चुकली." आणि परत आले. हे त्यांनी अक्काला सांगितलं नाही, मला सांगितलं, तेही वर्षभरानं.

त्यानंतर रविवारी दहा वाजता ते स्टूल दुकानातच ठेवून, बंद वखारीकडे तोंड करून बसत. ढोल शेजारी. त्यांच्या बोटांत आता संधिवात शिरला होता. मृदंग येईनासे झाले, लोक दुसरीकडे जाऊ लागले. पण सकाळची शेगडी चुकली नाही. रिनपुई येईल तेव्हा ढोल मेलेला दिसता कामा नये, एवढंच त्यांना हवं होतं.

नव्व्याण्णवच्या ऑक्टोबरात मी कातडी घेऊन गेलो होतो, तेव्हा रविवारी दुपारी एक मुलगी दुकान शोधत आली. मुआनी तिचं नाव. जवळच्याच कॉलेजात शिकणारी, मंडळीची त्या वर्षीची चिटणीस.

"पु गुंडो तुम्हीच ना? आमच्यात अजून तुमचं नाव घेतात," ती म्हणाली. भावजी बघत राहिले. दोन वर्षांत त्यांना कुणी पु म्हटलं नव्हतं.

काम असं होतं. मंडळीला दहावं वर्ष लागलं होतं. नाताळात एक पुस्तिका काढायची होती, मंडळीचा इतिहास. पण पहिल्या रविवारी कोण कोण होतं हेच कुणाला माहीत नव्हतं. जुनी वही वखारीत वाळवीनं खाल्ली होती. जुन्या लोकांना पत्रं पाठवली, तर तीन जणांनी तीन याद्या पाठवल्या. प्रत्येक यादीत नावं अकरा, पण प्रत्येकाची अकरा वेगळी.

"आणि प्रत्येकानं आपलं नाव पहिलं लिहिलंय," मुआनी म्हणाली.

"रिनपुईला विचारलंत?" भावजींनी हळूच विचारलं.

"पत्र परत आलं. पत्त्यावर कुणी नाही."

भावजींनी ढोलावर हात ठेवला. "नावं यात आहेत. सगळी. त्यांच्याच हातची."

मुआनीचा चेहरा उजळला. "मग उघडू या?"

"नाही."

"पु?"

"हा उघडायचा नाही. अजून नाही."

मुलगी वाद न घालता उठली. पायरी उतरताना मात्र एकदा वळून ढोलाकडे बघून गेली.

ती गेल्यावर अक्का बाहेर आली. हात पदराला पुसले आणि सरळ नवऱ्यासमोर उभी राहिली. तशी ती क्वचितच उभी राहत असे.

"एका पोरीसाठी दहा पोरं अंधारात ठेवलीत," ती म्हणाली. "त्यांनीही हात घातला होता आत. ती पोरं काय परकी होती? ती यायची तेव्हा येईल. पण त्या दहांनी तुमचं काय वाईट केलं?"

"गाठ सोडली की संपलं, गोदू."

"काय संपलं?"

 संध्याकाळपर्यंत भावजी ढोलाशेजारी बसून राहिले. दिवे लागल्यावर मला म्हणाले, "मेहुण्या, त्या कॉलेजाच्या वसतिगृहात निरोप दे. उद्या ये म्हणावं."

सोमवारी कॉलेज सुटल्यावर मुआनी आली. मी चाकू पुढे केला, तर भावजी माझ्यावर खेकसले. गाठ कापायची नव्हती. टोकदार आर घेऊन, वाकड्या झालेल्या बोटांनी ते ती उकलत बसले. सहा वर्षांत चामडं दगड झालं होतं. तास गेला.  गाठ सुटली तेव्हा भावजींनी वादीचं ते टोक क्षणभर मुठीत धरलं, मग बाजूला ठेवलं.

मी टॉर्च धरला. मुआनी खोडाच्या तोंडाशी वाकली आणि नावं वाचून वहीत उतरवू लागली. आधी आजोबांचं, सुरीनं कोरलेलं. मग अकरा. एकेक नाव ऐकताना भावजी सांगत, हा उंच होता, हिला दमा होता, हा ढोल चुकीचा वाजवायचा. एका ठिकाणी मुआनी हसली. ज्यानं सर्वांत मोठं पत्र लिहून पहिल्या रविवारची सगळी हकीकत कळवली होती, त्याचं नाव त्या अकरांत नव्हतंच.

मग ती थांबली.

"आणखी काय आहे?" भावजींनी विचारलं.

"रिनपुईचं नाव आहे. त्र्याण्णव सालचं."

"पुढे?"

"नावच आहे, पु."

"एवढं मोठं?"

मुआनी खाली बघत म्हणाली, "आमची नावं लांब असतात."

 भावजी अगदी मऊपणे म्हणाले, "तीही हेच म्हणाली होती. वाच, पोरी. सैल कातडं मला ऐकून कळतं."

तिनं वाचलं. आधी त्यांच्या भाषेत, मग थांबत थांबत आम्हाला कळेल असं. "मी लालरिनपुई. पु गुंडोबरोबर हा ढोल आज बांधते आहे. पुढच्या कातड्याला येईन असं मी त्यांना सांगणार आहे. पण मी येणार नाही. घरी माझं लग्न ठरलं आहे, आणि इतक्या लांब माणूस दुसऱ्यांदा येत नाही. तोंडावर नाही म्हणायची हिंमत मला नाही. तीन वर्षांनी जो कुणी हा ढोल उघडेल, त्यानं हे पुंना वाचून दाखवावं, माझ्या वतीनं त्यांची क्षमा मागावी, आणि वादीचं दुसरं टोक स्वतः ओढावं."

गल्लीत बाजाराच्या हातगाड्या जात होत्या. अक्का दारात उभी होती.

"तिनं तीन वर्षांनी म्हटलंय," भावजी म्हणाले. "निरोप वेळेवर ठेवला होता तिनं. मीच उघडला नाही."

मग काही वेळानं, कुणाकडेही न बघता, "तेव्हा उघडला असता तर ढोल मंडळीबरोबर गेला असता."

  अक्का आत गेली आणि कातडं भिजवायची परात घेऊन आली. तिनं ती भावजींच्या पुढ्यात ठेवली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना टोचलं नाही.

मंगळवारी कातडं भिजून मऊ झालं. मुआनी दुपारीच आली. चढवायच्या आधी भावजींनी पेन्सिल मागून घेतली. मी त्यांना कधीच त्या ढोलात लिहिताना पाहिलं नव्हतं. हात आत घालून, रिनपुईच्या ओळींखाली, वाकड्या बोटांनी त्यांनी लिहिलं. टॉर्च माझ्याच हातात होता, म्हणून मी वाचलं: 'गुंडो, यशवंतपूर. निरोप उशिरा मिळाला. राग नाही.'

मग त्यांनी वादी धरली आणि मुआनीनं ओढली. "पाय खोडाला लाव," ते सांगत होते. "कंबरेतून ओढ, हातातून नको. तिला हे सांगावं लागलं नव्हतं... असो. ओढ." दोन्ही बाजू आवळेपर्यंत उन्हं गेली. सवयीनं भावजींनी पुडीवर एक टिचकी मारली. ओल्या कातड्याला आवाज नसतो.

"चार दिवस सावलीत वाळेल," ते म्हणाले. "मग न्या तुमच्या जे. पी. नगरला. नव्या ढोलांशेजारी ठेवा."

"मी शनिवारी सकाळी येते न्यायला," मुआनी म्हणाली. "आणि रविवारी तुम्हाला न्यायला पुन्हा येते. तुमच्यासाठी एक स्टूल आम्ही ठेवलंय दारात."

भावजींनी तिच्याकडे पाहिलं. 

"खरंच येणार असशील तर ये म्हण," ते म्हणाले. "नसशील तर आत्ताच सांग. मला चालेल."

ती काही न बोलता गेली.

मी त्या खेपेला शनिवारपर्यंत राहिलो. तीन दिवस भावजींनी तिच्या येण्याबद्दल एक शब्द काढला नाही. ढोलाची बाजू तेवढी फिरवत राहिले, इकडची हवा तिकडे लागावी म्हणून. शेगडी पेटवायची गरज नव्हती, तरी शनिवारी ते पहाटेच उठले. साडेसहाला दुकानाची फळी काढायला म्हणून त्यांनी दार उघडलं, तर मुआनी पायरीवर बसली होती. ढोल पाठीवर बांधायची शाल घडी करून मांडीवर ठेवलेली.